'टक' वाजतं, पण सेल्फ फिरत नाही

माझी गाडी 2006 ची, दीडशे सीसीची. गेल्या पावसाळ्यानंतर तिला एक खोड लागली. सेल्फचं बटण दाबलं की सीटखाली नुसतं 'टक', पुढे काही नाही. कधी दोनतीनदा दाबल्यावर फिरायची, कधी अजिबात नाही. किकवर मात्र लगेच चालू. त्यामुळे प्लग, कॉइल, कार्ब्युरेटर यांच्या वाटेला जायचं कारणच नव्हतं.

नाक्यावरच्या मिस्त्रीने बटण दाबून निकाल दिला, "बॅटरी बसली साहेब, नवीन टाका." पुष्कळदा हे खरंही असतं. पण बॅटरी बसली की बटण दाबताना न्यूट्रलचा दिवा मरगळतो आणि रिले (बटण दाबताच मोटरकडे करंट सोडणारा सीटखालचा स्विच, 'टक' त्याचाच) टकटकटक असा फडफडतो. इथे दिवा होता तसाच आणि 'टक' एकदाच. (हेडलाइटवरून हे बघायला जाऊ नका. आमच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत तो इंजिन चालू असल्याशिवाय लागतच नाही.)

बॅटरीला मल्टिमीटर लावला तर 12.6 व्होल्ट. हा आकडा एकटा काही कामाचा नाही, थकलेली बॅटरीही आराम करताना साडेबारा दाखवते. खरी परीक्षा बटण दाबल्यावर. पुतणीला हँडलपाशी उभं केलं.

"काका, दाबू?"

"दाब. सोड."

आकडा 12.2 वर आला आणि तिथेच थांबला. बॅटरी कमजोर असती तर तो आठ-नऊपर्यंत कोसळला असता. ती धडधाकट असली आणि मोटर फिरत असली, तरी साडेदहा-अकरापर्यंत उतरतोच, कारण एवढ्या गाडीची सेल्फ मोटर 40-50 अँपिअर सहज ओढते. म्हणजे इथे मोटर करंट ओढतच नव्हती. नवी बॅटरी टाकूनही हेच झालं असतं.

'टक' वाजतं याचा अर्थ बटण, किल स्विच, क्लच स्विच ही बारीक वायरची बाजू ठीक. उरली जाड वायर: बॅटरी, रिले, सेल्फ मोटर आणि परत इंजिनच्या अंगातून निगेटिव्हला. आता प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना मीटर लावायचा आणि बटण दाबायचं. धड जोडावर जेमतेम दोन-तीन दशांश व्होल्ट दिसतात. जिथे मोठा आकडा येईल तिथे चोर.

रिलेच्या दोन जाड नटांवर 0.1. इंजिनचा उघडा धातू आणि बॅटरी निगेटिव्ह, पुन्हा 0.1. रिलेचा मोटरकडचा नट आणि मोटरचा स्टड (वायर जोडायचा बोल्ट): 10.8! सगळे व्होल्ट त्या हातभर वायरमध्येच खर्च होत होते.

गंमत म्हणजे हीच वायर काढून मीटरच्या बीपवर (वायर सलग असली की मीटर वाजतो) तपासली तर खणखणीत वाजली. बीपला चिमूटभर करंट लागतो, तो दोन तारांतूनही जातो. मोटरला ते पुरत नाही.

वायर काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवलं होतं. या जाड लाइनला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो, पान्हा चेसिसला टेकला की ठिणगी उडते. मोटरच्या टोकाची रबरी टोपी मागे सरकवली. वरून लग, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं, स्वच्छ दिसत होता. पण दाबून बसवलेल्या जागी हिरवी भुकटी, आणि वायर जरा वाकवली तर तारा तुटून हातात आल्या. आवरण सोललं तर आतलं तांबं बोट-दोन बोटं काळं पडलेलं. एरवी पॉलिश पेपरने घासून भागतं, इथे नाही.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तेवढ्याच जाडीची नवी केबल करून घेतली, दोन्ही टोकांना तांब्याचे लग क्रिम्प करून (दाबून बसवून), वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवून. स्टड घासला, नट आवळला, वर पेट्रोलियम जेली फासली. बटण दाबलं आणि इंजिन गरकन फिरलं. त्या वेळी बॅटरीवर 10.9, मोटरच्या स्टडवर 10.6.

मग रेस वाढवून चार्जिंगही बघितलं, 14.1. जुनी बॅटरी अजून तीच आहे. न्यूट्रलचा दिवा मात्र हल्ली मधूनच विझतो, त्या स्विचची वायर पुढच्या रविवारी बघेन.