लिंथोई, ५७ आणि ६३

काल ज्युदोच्या सरावाआधी माझ्याकडची नववीतली एक मुलगी वजनकाट्यावर उभी राहिली. ५३.४. तिने केसांतल्या पिना काढल्या, कानातले काढले, परत चढली. आकडा तोच. "ताई, अजून बारा दिवस आहेत. रात्रीचं जेवण सोडते, ५२ किलोपर्यंतच्या गटात बसेन मी."

माझ्या पोटात कालवलं. तिच्याच वयाची असताना मी ४४ किलोच्या गटात खेळायचे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमचे तेव्हाचे सर रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. पाणी बंद. वजन बसायचं, पण दुसऱ्या दिवशी समोरचीची कॉलर धरली की बोटं आपोआप सुटायची. ज्युदोत पकडच गेली तर उरतं काय? सरांनी मला खूप शिकवलं. त्या उपासांचा राग मात्र अजून आहे.

मग मी तिला मॅटवर बसवून लिंथोई चनंबमबद्दल सांगितलं. मणिपूरची मुलगी. बल्लारीजवळच्या विजयनगरला, इन्स्पायर इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये, मामुका किझिलाश्विली या जॉर्जियन प्रशिक्षकांच्या हाताखाली तयार झालेली. ऑगस्ट २०२२ मध्ये सारायेवोला कॅडेट, म्हणजे अठरा वर्षांखालच्यांच्या, जागतिक स्पर्धेत ५७ किलोच्या अंतिम लढतीत तिने ब्राझीलच्या बियांका रेसला १-० असं हरवलं. ज्युदोच्या जागतिक स्पर्धेत, कुठल्याही वयोगटात, भारताचं ते पहिलं पदक, आणि तेही सोन्याचं! त्या दिवशी मी पेढे वाटले होते.

पण मला तिचं त्यानंतरचं पदक जास्त मोठं वाटतं. ऑक्टोबर २०२५, पेरूमधलं लिमा, ज्युनियर जागतिक स्पर्धा, कांस्य. गट ६३ किलो. तीन वर्षांत मुलगी वाढली आणि गटही वाढला. वरच्या गटात जाणं म्हणजे काय, हे खेळणाऱ्यालाच कळतं. समोरचीचे हात लांब, तुमचा हात कॉलरपर्यंत पोचायच्या आत तिने तुमची बाही धरलेली. खालच्या गटात हमखास लागणारा थ्रो, म्हणजे समोरचीला पाडायचा डाव, इथे अर्ध्यातच अडतो. पकडीपासून सगळं नव्याने बसवावं लागतं. तिथून पुन्हा जागतिक पदकापर्यंत जायचं, तेही एकवीस वर्षांखालच्या मुलींमध्ये!

मुलगी गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "पण वरच्या, ५७ च्या गटात मी हरेन, ताई."

"यंदा हरशील कदाचित," मी म्हटलं, आणि प्रवेशअर्जावर ५७ लिहिलं.

तिला आमच्यातल्या ५६ किलोच्या मुलीसमोर उभं केलं. दोनदा बाही सोडवता आली नाही, दोनदा पाठीवर आपटली. तिसऱ्यांदा तिने कोपर आत घेतलं, कंबर वळवून झटका दिला आणि बाही सुटली. थ्रो काही लागला नाही. बोटांची पांढरी टेप सोडवत ती माझ्याकडे आली.

"ताई, मग आज भाकरी किती खाऊ?"

"पोट भरेपर्यंत खा," मी म्हटलं.