रहाडीवरचं घर

आमच्या दारासमोर रस्ता आहे आणि रस्त्याखाली रहाड. वर्षभर तिच्यावरून रिक्षा, दूधवाले, शाळेची पोरं जातात. बाहेरगावच्या माणसाला तिवंधा चौकात कळणारही नाही की पायाखाली पुरुषभरापेक्षा खोल दगडी हौद आहे. मला कळतं. तिथून जाताना अजूनही पाऊल जरा हळू पडतं.

नाशकात रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला. धुळवडीला दाजीबा वीरांची मिरवणूक निघते. मग एके सकाळी चौकात कुदळीचा आवाज येतो आणि माझा जीव घरात रमत नाही. माती निघते, लाकडं निघतात, आणि वर्षभर कोंडलेला ओला वास थेट आमच्या जिन्यात येतो. गाळ उपसायचा, दगड धुवायचे, कढईत फुलं उकळत ठेवायची. पेशव्यांच्या काळापासूनच्या या रहाडी फक्त जुन्या नाशकात आहेत आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला. शनि चौकाची गुलाबी, दिल्ली दरवाज्याची केशरी. आमची पिवळी. लहानपणी पोराच्या कानामागचा रंग बघून आम्ही तो कुठल्या आळीचा ते सांगायचो.

पूजा झाली, मानकरी उतरले, की धप्पे, म्हणजे रहाडीतल्या उड्या, सुरू. माझा पहिला धप्पा आठव्या वर्षी, काकांबरोबर. "डोळे मिट, तोंड मिट," एवढंच म्हणाले आणि मला घेऊन उडी मारली. पाणी कोमट होतं. ढोल, आरडाओरडा, सगळा चौक एका क्षणात गप्प झाला, आणि वर आल्यावर पुन्हा कानावर आदळला. माझ्या नखांत पिवळा रंग आठ दिवस होता. तो फ्रॉक आजीने टाकला नाही. पुढे कितीतरी वर्षं त्याच्या तुकड्याने ती समई पुसायची.

वाडा गेला, तिथे इमारत झाली. भाऊ गंगापूर रोडला गेला. "ताई, तिथे गाडी लावायला जागा नाही, कशाला राहतेस?" म्हणतो. जागा नाही, हे खरंच आहे. पण बुधा हलवायाची गरम जिलबी घरी नेईपर्यंत गरम राहते, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पाच-सात मिनिटांत पोचता येतं, आणि पावसाळ्यात पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, ते बातम्यांच्या आधी जिन्यात कळतं. हे मी कुठे घेऊन जाऊ?

२०२१ साली कोरोनामुळे रहाड उघडली नाही. पप्पा सकाळी आंघोळ करून, मास्क लावून खाली गेले. बंद रस्त्यावरच हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती खोचायला फट सापडेना म्हणून हातातच धरून उभे राहिले. एक टेम्पो आला. हॉर्न न वाजवता थांबला, उदबत्ती निम्मी होईपर्यंत.

पुढच्या वर्षी रहाड उघडली, पण पप्पांचे गुडघे गेले होते. जिना उतरणं जमेना. मी तांब्याभर रंग वर आणला आणि गॅलरीत, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यावर ओतला. त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला, पिवळा तळवा बघितला.

"झालं," म्हणाले, "आता उन्हाळा बाधायचा नाही."