आमची वाटचाल: कोपऱ्यात नीट बसणारा कार्बन

कार्बन फायबरची सपाट शीट बनवणं फारसं अवघड नाही. आमच्याकडे येतात ते वेडेवाकडे भाग: हवेच्या वळणदार नळ्या, यंत्रांची कवचं, खोल खोबणींची झाकणं. अशा साच्यात हाताने कापड बसवताना वेळ आणि कौशल्य दोन्ही खर्ची पडतं ते आतल्या कोपऱ्यांवर. आमच्या पद्धतीत जे जे बदल होत गेले, ते बहुतेक या कोपऱ्यांमुळेच.

सुरुवात वेट ले-अपने झाली. कोरडं कापड, इपॉक्सी (घट्ट होऊन कापडाला कडक करणारं रेझिन), ब्रश, रोलर. कापडाच्या वजनाइतकं रेझिन, हा ढोबळ हिशेब. भांडवल कमी लागतं, साध्या आकारांना ही पद्धत आजही पुरते. पण उभ्या भिंतीवरचं रेझिन ओघळून खालच्या कोपऱ्यात साचतं आणि भिंत कोरडी पडते. त्यात रेझिन घट्ट व्हायच्या आत सगळं उरकायचं. प्रीप्रेगमध्ये रेझिन कापडात आधीच मोजून भरलेलं असतं, चिकटपणामुळे थर उभ्या भिंतीवर टिकतो, आणि ते मुख्यतः ओव्हनमध्ये तापवल्यावर घट्ट होत असल्याने घाई राहत नाही. म्हणून गुंतागुंतीचं सगळं काम प्रीप्रेगवर नेलं.

त्यासोबत शिस्त आली. रोल उणे १८ अंशांवर राहतो. बाहेर काढला की पिशवी सीलबंद ठेवूनच त्याला खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. मोठ्या रोलला रात्रभर लागते. आधी उघडला तर थंड कापडावर दव धरतं, आणि तेच पाणी ओव्हनमध्ये वाफ होऊन भागात छिद्रं पाडतं. रोल किती तास बाहेर होता हे त्याच्या कार्डावर लिहिलं जातं. ले-अपच्या खोलीत २० ते २२ अंश, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, हातात नायट्राइलचे मोजे. हाताला लावायची क्रीमसुद्धा आत चालत नाही, कारण तिच्यातलं सिलिकॉन थरांना एकमेकांना चिकटू देत नाही.

साच्यांचंही तसंच. ॲल्युमिनियम १०० अंश तापलं की मीटरमागे सुमारे २.३ मिलिमीटर वाढतं, कार्बन जेमतेम वाढतो. लहान भागांना हा फरक चालतो. मोठ्या, नेमक्या मापाच्या भागांसाठी आम्ही कार्बनचेच साचे करतो. ड्रॉइंग हाती आलं की आधी भिंतींचा उतार आणि आतल्या कोपऱ्यांची त्रिज्या पाहतो. उतार २ ते ३ अंश आणि त्रिज्या निदान ५ मिलिमीटर मागतो. डिझायनर कुरकुरतात, पण कोपरा धारदार ठेवून मजबूत भाग मिळत नाही. अंडरकट, म्हणजे भाग साच्यात अडकवणारी आत वळलेली जागा, असेल तर साचा तुकड्यांत करून बोल्ट आणि डॉवेल पिनने जोडतो.

आता खुद्द कोपरा. एकच मोठा तुकडा साच्यावर पसरला की तो आधी तळाला आणि भिंतीला चिकटतो. कोपऱ्यात उतरायला कापडच उरत नाही. कार्बनचा धागा ताणला जात नाही, त्यामुळे नंतर कितीही दाब दिला तरी तो पुलासारखा अधांतरी राहतो. मागे हवेची पोकळी तरी उरते किंवा नुसतं ठिसूळ रेझिन. उपाय कात्रीत आहे. तळाचा तुकडा भिंतीवर १२ मिलिमीटर चढवायचा, भिंतीचा तुकडा तळावर तेवढाच उतरवायचा. दाब आला की हे दोन तुकडे एकमेकांवरून सरकत कोपऱ्यात जाऊन बसतात. पुढच्या थराचा जोड निदान २५ मिलिमीटर बाजूला सरकवायचा, नाहीतर एकाच जागी उंचवटा येतो. सुरुवात कायम कोपऱ्यातून करायची आणि हात बाहेरच्या दिशेने न्यायचा. कडक झालेलं कापड हीट गनने कोमट करायचं आणि टेफ्लॉनच्या पट्टीने दाबायचं; पट्टीची धार कोपऱ्याच्या त्रिज्येपेक्षा लहान हवी. दुहेरी वळणावर प्लेन म्हणजे साध्या विणीच्या कापडापेक्षा २/२ ट्विल (दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून जाणाऱ्या विणीचं कापड) बरं वळतं, कारण त्याचे धागे सहज तिरके होतात. तरीही सुरकुती येऊ लागली तर ओढाताण न करता तिथे काप द्यायचा.

तुकड्यांचे टेम्प्लेट साच्यावर मास्किंग टेप चिकटवून, त्यावर रेषा आखून काढतो. प्रत्येकावर क्रमांक आणि शून्य अंशाची दिशा, म्हणजे धाग्यांचे कोन जिच्यापासून मोजायचे ती रेषा, असते. थरांची रचना मध्यापासून दोन्हीकडे सारखी ठेवावी लागते, नाहीतर भाग थंड होताना पिळतो. शिवाय प्रीप्रेगवरून सोललेल्या बॅकिंग फिल्म (संरक्षक पातळ आवरणं) मोजून ठेवतो. एक जरी आत राहिली तरी तिथे थर सुटतात, आणि बाहेरून काही दिसत नाही.

पहिल्या थरानंतर आणि मग दर तीन थरांनी १५ मिनिटं व्हॅक्यूमखाली, म्हणजे वर फिल्मची बॅग लावून आतली हवा ओढून, दाबून घेतो. पहिल्या वेळी कंटाळा केला तर पृष्ठभागावर पिनहोल (टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं) नक्की. शेवटच्या बॅगेत प्रत्येक कोपऱ्यासाठी जादा फिल्मची चुणी सोडावी लागते. थर नीट बसले असले तरी बॅगच तिथे अधांतरी राहिली तर दाब पोचत नाही. फार अरुंद जागी रिलीज फिल्मवर (रेझिनला न चिकटणाऱ्या फिल्मवर) सिलिकॉन रबराचा आकार दिलेला ठोकळा ठेवतो. पंप बंद करून ५ मिनिटं गेज पाहायचं. काटा हलला तर गळती सापडेपर्यंत ओव्हनचं दार उघडायचं नाही.

तापमान मिनिटाला १ ते २ अंशांनी वाढवतो. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) साच्याच्या सर्वांत जाड, उशिरा तापणाऱ्या जागी लावतो. ठरलेल्या तापमानाचा वेळ तिथून मोजायचा, ओव्हनच्या आकड्यावरून नाही. भाग निघाल्यावर ९० अंशांचा कोन साधारण १ ते २ अंशांनी मिटतो, कारण जाडीच्या दिशेने तो जास्त आकसतो. साचा करतानाच तेवढी भरपाई धरतो.

ॲल्युमिनियमचे इन्सर्ट (भागात बसवायचे धातूचे तुकडे) असतील तर मध्ये काचेच्या कापडाचा थर घालतो, नाहीतर ओलाव्यात धातू गंजतो. कडा डायमंड ब्लेडने ओल्या कापतो. कार्बनची धूळ फुप्फुसांना वाईट, आणि वीज वाहून नेत असल्यामुळे यंत्रांच्या पॅनेललाही. मग नाण्याने टकटक करत प्रत्येक कोपरा ऐकतो. वरवरचा पिनहोल भरता येतो. कोपऱ्यात बद्द आवाज आला तर भाग बाद, आणि पुढचा भाग कापण्याआधी त्या तुकड्याचं टेम्प्लेट बदललं जातं.