तुम्ही विचारलंत म्हणून : नोवाकोवा म्हणजे कुठल्या?

आपल्याकडे आडनाव कानावर पडलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "जोशी म्हणजे कुठले?" "पवार म्हणजे कुठले?" प्रश्न गावाचा असतो, आणि गावाआडून आणखी कशाकशाचा असतो हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं, सांगणाऱ्यालाही. दर डिसेंबरात मी साताऱ्याला येते तेव्हा लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, दुकानात उधारीच्या वहीपाशी हाच प्रश्न मला येतो. "नोवाकोवा? म्हणजे कुठल्या?"

प्रागच्या, म्हटलं की समोरच्याचं समाधान होत नाही. प्राग हे राहायचं ठिकाण झालं, आडनाव कुठलं? मग थोडा वेळ विचार करून दुसरा प्रश्न. "तो टेनिसवाला तुमच्यातलाच का?"

नाही. जोकोविच सर्ब आहे आणि नोवाक हे त्याचं पाळण्यातलं नाव. सर्बियात 'नोवाक' मुलाचं नाव म्हणून जुन्या काळापासून ठेवतात, आणि त्याच्या वंशजांचं आडनाव होतं नोवाकोविच. चेक लोकांत मात्र नोवाक हे आडनावच, माझ्या नवऱ्याचंही तेच. पिढी जरा वरची असली, तर प्रश्न जोकोविचचा नसतो, किम नोवाकचा असतो. माझ्या मामांचा चेहरा ते नाव घेताना अजून उजळतो. ती 1933 साली शिकागोत जन्मली, घराणं मूळचं चेक. जन्मनाव मेरिलिन. हॉलिवूडमध्ये एक मेरिलिन आधीच गाजत होती म्हणून हिला पहिलं नाव बदलावं लागलं. स्टुडिओला आडनावही बदलायचं होतं, तिथं मात्र ती अडून बसली. नात्यातली नसली तरी मला तिचा अभिमान वाटतो.

मराठी वर्तमानपत्रं 'नोव्हाक' छापतात. तो 'व्ह' इंग्रजीतून आलेला पाहुणा आहे. चेक माणूस जो उच्चार करतो तो आपल्या साध्या 'व'च्या बराच जवळचा, म्हणून मी नोवाकच लिहिते. शिवाय 'व' ठेवला की अर्थ आपोआप दिसतो. चेक भाषेच्या माझ्या पहिल्याच तासाला बाईंनी फळ्यावर विशेषणं लिहिली होती. पुल्लिंगी नोवी, स्त्रीलिंगी नोवा, नपुंसकलिंगी नोवे. मी वहीत बाजूला लिहिलं, नवा, नवी, नवं. मूळ एकच, संस्कृतातलं 'नव' आणि स्लाव भाषांतलं 'नोव' ही सख्खी भावंडं. फक्त त्यांची नवी ती 'नोवा' आणि आपला नवा तो 'नवा', त्यामुळे पहिले सहा महिने माझी लिंगं चुकत होती. प्रागच्या ज्या भागात माझं ऑफिस आहे त्याचं नाव नोवे म्येस्तो, नवं शहर. राजा चौथा कारेल याने ते 1348 साली वसवलं. पावणेसातशे वर्षं झाली, अजून नवंच.

तर नोवाक म्हणजे नवा माणूस. गावात नव्यानं आलेला. लग्न ठरलं तेव्हा आजोबांना हे मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. आजोबा निवृत्त तलाठी, सातबाऱ्यावर हयात गेलेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "म्हणजे उपरी की."

तेव्हा मला राग आला होता. नंतर लक्षात आलं, एवढं नेमकं भाषांतर कुठल्याही चेक-मराठी शब्दकोशात निघालं नसतं. आता असा शब्दकोश माझ्या तरी पाहण्यात नाही तो भाग वेगळा.

ज्यांना हा शब्द फक्त टोमणा म्हणून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं थांबते. मराठ्यांच्या काळात गावात दोन तऱ्हांचे कुणबी असत. मिरासदार, म्हणजे ज्याची जमीन वंशपरंपरेची, गावात मानपान, लग्नकार्यात मान. आणि उपरी, म्हणजे बाहेरून येऊन कसणारा. दुष्काळात, लढायांत, रोगराईत एखादं घराणं बुडालं की त्याची जमीन 'गतकुळी' व्हायची, आणि पाटील ती कसायला उपऱ्याला आणून बसवायचा. शेत पडीक राहिलं तर सरकारचा वसूल कुठून निघणार? गंमत अशी की कसणारा बदलला तरी जमिनीचं थळ, म्हणजे तो जमिनीचा वाटा, जुन्या घराण्याच्याच नावानं ओळखलं जायचं. घराणं नाही, नाव आहे.

आता हेच चित्र बोहेमियात, म्हणजे चेक देशाच्या पश्चिम भागात न्या. 1618 साली प्रागच्या किल्ल्यात सम्राटाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला खिडकीतून खाली फेकलं (तिघंही जगले), आणि त्यातून जे पेटलं ते 1648 पर्यंत विझलं नाही. तीस वर्षांचं युद्ध. फौजा आल्या, दुसऱ्या फौजा आल्या, मागोमाग प्लेग आला. मोठमोठ्या पट्ट्यांत गावंच्या गावं ओस पडली. 1654 साली सरकारनं कर बसवण्यासाठी घरोघरची मोजणी केली. त्या दप्तराला बेर्नी रुला म्हणतात. कोणाकडे किती जमीन, किती बैल, किती गाई, आणि कुठला वाडा ओस, हे सगळं त्यात आहे. आजोबांना ते दप्तर बघायला फार आवडलं असतं. जमीनदारालाही पाटलासारखीच चिंता होती. ओस जमिनीवर राबणारं कोणी नसेल तर वेठबिगार कोण करणार? त्या वेठबिगारीला चेक शब्द 'रोबोता', आणि साऱ्या जगानं उचललेला 'रोबो' हा शब्द त्यातूनच निघाला. मग दुसऱ्या गावची माणसं आणून बसवली. त्यांची नावं कोण लक्षात ठेवतो? तो नवा. नोवाक.

युद्धामुळेच हे आडनाव जन्मलं असं मात्र नाही. नोवाक त्याच्या आधीही होते, कारण गावात नवा माणूस यायला युद्धच लागतं असं नाही, घरजावई होऊनही येता येतं. आणखी एक उगम सांगतात. जुन्या काळी चांभारांत दोन प्रकार होते, जुनी पादत्राणं दुरुस्त करणारे आणि नवे जोडे शिवणारे. नवे जोडे शिवणारा तो नोवाक. आमच्या घरात दोन्ही बाजूंनी शेतीच, त्यामुळे आम्ही गाववाल्या अर्थालाच चिकटून आहोत. सासरे मात्र जोडे फाटले की स्वतःच शिवायला बसतात आणि ते रक्तात आहे असं सांगतात.

तेव्हाची नावं पक्की नव्हती. एकाच माणसाला चर्चच्या वहीत एक नाव, जमीनदाराच्या वहीत दुसरं. जो ज्या घरात राहायला जाई त्या घराचं नाव त्याला चिकटे. सम्राट दुसरा योसेफ याला असली ढिलाई चालणारी नव्हती. त्याला सैन्यभरती करायची होती, कर हवा होता. 1786 मध्ये त्यानं फर्मान काढलं, बापाचं आडनाव तेच मुलाचं, यापुढे बदल नाही. त्या दिवशी जो 'नवा' म्हणून ओळखला जात होता तो कायमचा नवा झाला. मुलगा तिथंच जन्मला, नातू तिथंच मेला, पण आडनाव सांगत राहिलं की हे नुकतेच आलेत.

मला वाटतं, आपल्या 'कर'वाल्यांचं मूळही असंच कुठंतरी असणार. गावात राहणाऱ्याला कोणी त्याच गावाच्या नावानं हाक मारत नाही, गाव सोडल्यावरच माणूस सातारकर होतो. फरक एवढाच, की 'कर' लावलेला माणूस कुठून निघाला ते सांगतो. नोवाक फक्त पोचल्याचं सांगतो. कुठून आला ते पुसून गेलं. म्हणून तुम्ही "कुठल्या?" असं विचारता तेव्हा मी अडखळते. आडनावात उत्तर आहे, पण ते "इथले नव्हेत" एवढंच.

आता दुसरा नेहमीचा प्रश्न. नवरा नोवाक, तर मी नोवाकोवा कशी? एका कार्यालयात खिडकीतल्या साहेबांनी माझे कागद परत सरकवले होते. "मॅडम, मिस्टरांचं आडनाव चुकलंय. की तुमचं?" दोन्ही बरोबर आहेत हे पटवायला मला तीन फेऱ्या, एक प्रतिज्ञापत्र आणि लग्नाच्या दाखल्याचं नोटरी केलेलं भाषांतर लागलं. साहेबांना मी शेवटी म्हटलं, "पाटील आणि पाटलीण, तसं समजा." ते हसले. शिक्का मात्र तिसऱ्या फेरीलाच मिळाला.

उदाहरण तसं चुकीचं नव्हतं. आपल्याकडेही जोशीणबाई, कुलकर्णीण होत्याच, फक्त कागदावर कधी चढल्या नाहीत. चेक भाषेनं त्या कागदावर चढवल्या. '-ओवा' हा मुळात संबंध दाखवणारा प्रत्यय, नोवाकोवा म्हणजे नोवाकची. आडनाव विशेषणासारखं असेल तर आपल्या काळा-काळीसारखं रूप बदलतं, नवरा चेर्नी, बायको चेर्ना. आणि ही मंडळी प्रत्यय लावताना परकं-आपलं बघत नाहीत. जर्मनीच्या मर्केल इथं मर्केलोवा. पहिल्यांदा चेक ग्रंथालयात 'इंदिरा गांधीओवा' वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले आणि लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

का लावतात याचं चेक माणूस जे कारण देतो ते मला मराठी असल्यामुळे लगेच पटलं. त्यांच्या भाषेत नाम विभक्तीत चालतं. पाटील, पण पाटलाला, पाटलानं. तसंच त्यांचे पूर्वीचे राष्ट्राध्यक्ष हावेल, पण 'हावेलला' म्हणताना मधला 'ए' गळून 'हावला'. इंग्रजीवाल्याला हे समजवायला अर्धा तास जातो, साताऱ्याच्या माणसाला अर्धं मिनिट. संबोधनही आपल्यासारखंच, देवा म्हणतो तसं 'पाने नोवाकू', म्हणजे अहो नोवाकराव. बाईचं आडनाव उघडं ठेवलं तर वाक्यात कोणी कोणाला पाहिलं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

भाषेचं पटलं म्हणून सक्ती पटली असं नाही. 'नोवाकची' हे व्याकरण असलं तरी ते माझ्या दारावरच्या पाटीवरही आहे. पूर्वी ओवा गाळायचं तर परदेशी नवरा, अल्पसंख्य समाज असलं काही कारण दाखवावं लागे. 1 जानेवारी 2022 पासून कोणतीही बाई कारण न देता नुसतं नोवाक लावू शकते, मुलीसाठी आईबाप निवडू शकतात. माझ्या ऑफिसातल्या दोघींनी पहिल्याच महिन्यात ओवा काढून टाकला. मी ठेवला. कारण विचाराल तर त्यात तत्त्व नाही. त्या प्रतिज्ञापत्राची आठवण आहे, आणि पुन्हा त्या खिडकीत जायची माझी तयारी नाही.

नोवाक किती आहेत म्हणता? सुमारे 1 कोटी 5 लाखांच्या देशात नोवाक आणि नोवाकोवा मिळून 70 हजारांच्या आसपास, म्हणजे दीडशे माणसांत एक. देशात पहिला नंबर. दुसरा स्वोबोदा, म्हणजे स्वातंत्र्य, मूळ अर्थ वेठीतून सुटलेला शेतकरी. तिसरा नोवोत्नी, आणि हसू नका, त्याचाही अर्थ नवा आलेला. पहिल्या तिनात दोन उपरी! पुढे द्वोर्झाक (आपला वाडेकर समजा), चेर्नी म्हणजे सरळ काळे, आणि पहिल्या दहात होराक, म्हणजे डोंगरे. पोलंडमध्येही नोवाकच पहिले, 2 लाखांच्या वर. फक्त तिथं आता बाईही नुसती नोवाक राहते. 21 लाखांच्या चिमुकल्या स्लोव्हेनियात 11 हजारांच्या घरात, पुन्हा पहिला नंबर.

एवढं सर्रास असल्यामुळे चेक लोकांत 'यान नोवाक' म्हणजे कुठलाही अमुकतमुक. फॉर्म कसा भरायचा त्याच्या नमुन्यात तोच असतो. माझ्या नवऱ्याचं नाव यानच आहे. हॉटेलची खोली ठरवताना त्याला हमखास विचारतात, "बरं, आणि खरं नाव?"

सासरचं गाव ताबोरजवळ. घर जुनं, भिंती हातभर जाडीच्या. गावात आमच्या घराला कोणी नोवाकांचं घर म्हणत नाही. ते 'उ कुबू' आहे, कुबांकडे. कुबा कोण होते हे सासऱ्यांना माहीत नाही, त्यांच्या वडलांनाही माहीत नव्हतं. कधीतरी त्या घरातले कुबा संपले आणि एक नवा येऊन राहिला. तेव्हापासून नोवाक कुबांच्या घरात राहतात. आजोबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "थळ जात नाही गं."

पलीकडच्या घरातली म्हातारी अंडी आणून देते. लग्नाला माझ्या अकरा वर्षं झाली. सासूबाई घरात नसल्या तर ती फाटकातूनच विचारते, "ती नोवा आहे का, कुबांकडची?" नोवा म्हणजे नवी. आडनाव अर्धवट घेते का खरंच नवी म्हणते, हे मला अजून कळलेलं नाही. मी "आहे, आहे" म्हणते आणि अंडी घेते.