सादानी: समुद्राकाठच्या सफारीचं प्लॅनिंग, भरती-ओहोटी बघून

टांझानिया म्हटलं की सगळे सेरेंगेटीच सांगतात. मावसभाऊ दार-ए-सलामला नोकरीला गेल्यापासून आमच्या घरी पण तेच चालू होतं, पण मी सादानीवर अडून बसले, कारण जिराफ आणि समुद्र एकाच दिवशी, एकाच जंगलात बघायला मिळेल अशी दुसरी जागा मला तरी त्या बाजूला सापडली नाही. बागामोयो आणि पांगानीच्या मधल्या किनाऱ्यावर, झांझिबार बेटाच्या जवळजवळ समोर, साधारण ११०० चौरस किलोमीटरचं हे जंगल आहे, आधी गेम रिझर्व्ह होतं आणि २००५ मध्ये नॅशनल पार्क झालं. आता जाऊन आल्यावर कोणी विचारलं की मी एकच सांगते, इथलं प्लॅनिंग प्राण्यांच्या यादीवरून करू नका, पाऊस आणि भरती-ओहोटी बघून करा.

पाऊस आधी. मार्च ते मे मोठा पाऊस, त्याला तिकडे मासिका म्हणतात, आणि वर्षाच्या शेवटी छोटा पाऊस म्हणजे वुली. आणि तिथली बरीचशी जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी कापसाची! आमचं गाव परभणीकडे, त्यामुळे ही माती भिजली की काय करते ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, चाकाला चिखल लपेटत जातो आणि फोर बाय फोर असली तरी गाडी जागेवर बसते. मासिकात जंगलातले कितीतरी ट्रॅक बंदच होतात. जून ते सप्टेंबर कोरडं, हवा पण बरी, गवत वाळून खाली बसलेलं असतं म्हणून प्राणी दिसतात. आम्ही ऑगस्ट घेतला.

आता भरती-ओहोटी. सादानीची खरी मजा वामी नदीत आहे आणि नदीच्या मुखाकडचा भाग सगळा समुद्राच्या पाण्यावर चालतो. बोटीची वेळ बोटवाले पाणी बघून ठरवतात, तुमच्या नाश्त्याची वेळ बघून नाही. मी काय केलं, तारखा पक्क्या करायच्या आधी घरातलं कालनिर्णय काढलं आणि तिथी बघितल्या. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको, अमावस्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे छोटी, चंद्र तोच आहे त्यामुळे आफ्रिकेत पण हिशोब तोच. उधाणाच्या दिवसात ओहोटीला किनारा खूप आतपर्यंत उघडा पडतो, चालायला मस्त. आणि नदीत पाणी उतरलं की चिखलाचे काठ वर येतात, मगरी उन्हाला येऊन पडतात, पक्षी खायला उतरतात. आम्ही पाणी उतरत असताना निघालो आणि पहिल्याच वळणावर पाणघोड्यांचा अख्खा कळप, नुसते कान आणि नाकपुड्या वर. बोटवाल्याने लांबूनच इंजिन हळू केलं आणि त्यांच्यापासून चांगलं अंतर ठेवून बोट नेली, ते मला फार आवडलं. पुढे मुखाकडे दोन्ही बाजूंना खारफुटी, खंड्याचे दोन-तीन प्रकार, एक तर इतका छोटा आणि निळा-केशरी की आईने चष्मा पुसून पुन्हा बघितला.

गेम ड्राइव्हबद्दल, म्हणजे गाडीतून प्राणी बघत फिरण्याबद्दल, स्पष्ट लिहिते. सिंह आहेत, पण दिसतीलच असं नाही, आम्हाला नाही दिसले. हत्ती आहेत पण लाजरे, जास्त करून झाडीत. जे भरपूर दिसतं ते म्हणजे जिराफ, वॉटरबक, रानडुकरं, पिवळे बबून आणि कोंगोनी, म्हणजे ते लांब तोंडाचं हरीण, गाडी बघून पळतं आणि थोडं पुढे जाऊन मागे वळून बघत थांबतं. उत्तरेकडचा भाग पूर्वी म्क्वाजा नावाचं गुरांचं मोठं रँच होतं. त्सेत्से माशी (चावून गुरांना रोग देणारी) आणि वाढत जाणारी काटेरी बाभूळ यांच्याशी झगडून ते शेवटी २००० मध्ये बंद झालं आणि ती जमीन पार्कात आली. मला तो भाग सगळ्यात जास्त भावला, गुरांसाठी साफ केलेल्या माळावर आता जंगल परत हक्क सांगतंय आणि तुम्ही ते चालत्या गाडीतून बघताय.

त्सेत्सेवरून आठवलं, काळे आणि गडद निळे कपडे अजिबात नेऊ नका, माशी त्याच रंगांवर येते, म्हणजे जीन्स घरीच. खाकी, मातकट, फिकट हिरवं चालतं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच सुरू करायच्या. फ्लाइट नैरोबी किंवा आदिस अबाबा मार्गे असेल तर यलो फीवरचं सर्टिफिकेट जवळ असलेलं बरं, तिथे १२ तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर ते लागतंच, लस घेतल्यावर १० दिवसांनी ते वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. आणि प्लास्टिकच्या कॅरी बॅगा! टांझानियात १ जून २०१९ पासून बंदी आहे, बाहेरून आणलेल्या पण चालत नाहीत. आईने चकल्या-लाडू सगळे स्टीलच्या डब्यात भरले. पार्कच्या गेटवर फी रोख घेत नाहीत, कार्ड लागतं. पुढे झांझिबार करणार असाल तर ऑक्टोबर २०२४ पासून तिथला इन्शुरन्स सक्तीचा आहे, तो आधीच ऑनलाइन काढून ठेवा.

जेवणाची काळजी शाकाहारी लोकांनी करू नये. नारळाच्या दुधातला भात, तसंच नारळातलं राजम्यासारखं माहारागे, मचिचा म्हणजे आपल्या माठासारखी पालेभाजी, आणि चपाती, तीसुद्धा पदर सुटलेली. आईने तिथल्या स्वयंपाकीण बाईंकडून माहारागे शिकून घेतलं, दोघींची भाषा वेगळी पण हाताच्या खुणांनी सगळं झालं.

सादानी गाव पार्काला खेटूनच आहे, बाजूला मिठागरं. मुंबईची मिठागरं आणि फ्लेमिंगो बघून मोठी झालेली मी, तिथे पण फ्लेमिंगो दिसल्यावर गाडी थांबवायलाच लावली. उत्तरेला मादेते किनाऱ्यावर हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. आपल्या वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना ज्यांनी बघितलीत त्यांना वेगळं सांगायला नको, पण तरी सांगते, तिथे रेंजरशिवाय जायचं नाही, टॉर्च नाही, फ्लॅश नाही. उजेडाने पिल्लांची दिशा चुकते आणि ती समुद्राऐवजी जमिनीकडे चालू लागतात.

जायचं कसं? दार-ए-सलामहून गाडीने चालिंझे आणि मग मांडेरा, तिथून आत कच्चा रस्ता, तो लांब आहे, घाई करू नका. झांझिबारहून छोटं विमान पण येतं, त्यात सामान कमी आणि मऊ बॅगेतच लागतं. बागामोयो-सादानी-पांगानी-टांगा असा मोठा किनारी रस्ता बांधतायत, तो झाला की जाणं सोपं होईल, पण वाहनं वाढली की तिथल्या प्राण्यांचं काय, ही काळजी मला खरंच वाटते. बागामोयोला अर्धा दिवस तरी द्याच. जर्मन पूर्व आफ्रिकेची ही पहिली राजधानी, हस्तिदंत आणि गुलामांचे काफिले आतल्या भागातून इथेच येऊन पोचायचे, आणि मोसमी वाऱ्यावर गलबतं हाकत आलेले कच्छी व्यापारी पण इथे दुकानं मांडून होते.

दारहून एका दिवसात जाऊन येणाऱ्या ट्रिप विकतात, त्या घेऊ नका, सगळा दिवस रस्त्यातच जातो. निदान दोन रात्री ठेवा, एक सकाळ नदीला, एक सकाळ म्क्वाजाकडे. आणि ऑपरेटरला पहिल्याच मेलमध्ये तीन गोष्टी विचारा: वामीची बोट आमच्या तारखांना किती वाजता निघेल, रेंजरची फी पॅकेजमध्ये आहे का, आणि पाऊस आला तर कुठला रस्ता घेणार. बोटीच्या वेळेचं नीट उत्तर जो देईल त्याच्याकडेच बुकिंग करा.