उलटे अंक

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून चौथीतला मुलगा बुद्धिचाचणीसाठी आला. शाळेच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'अभ्यासात लक्ष नाही, कन्नड कच्चे.' (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) मराठी शाळेतून यंदाच कन्नड माध्यमात घातलेला. आमच्या सीमाभागात हे कारण इतकं पटतं, की पुढे कुणी विचारतच नाही.

मागचा इतिहास विचारल्यावर आई म्हणाली, "तसं काय नाही बगा मॅडम. पाच वर्षांचा असताना विहिरीत पडला होता, तेवढंच."

तेवढंच! काकाने उडी मारून वर काढला तेव्हा श्वास नव्हता, नाडी लागत नव्हती. काकाने तोंडाने श्वास दिला, छाती दाबली. कामावरच्या प्रशिक्षणात शिकला होता. मुलांचं हृदय बहुधा आधी श्वास कोंडल्यामुळे थांबतं, त्यामुळे बुडालेल्या मुलाची नुसती छाती दाबून भागत नाही. पुढे आयसीयू, व्हेंटिलेटर, आणि मुलगा चालत-बोलत घरी. यल्लम्माचा नवस फेडला, विषय संपला.

मी बिने-कामत काढली. जुन्या मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बेतलेली चाचणी ती, आमच्याकडे अजून चालते. सोबत इतर काही उपचाचण्या. शब्दांचे अर्थ पोराने दोन्ही भाषांत सांगितले. मधल्या सुट्टीत आमच्या शिपायाशी अस्खलित कन्नडात क्रिकेट बोलत होता. मग कच्चं काय होतं? अंक सरळ म्हणायचा. तेच उलटे म्हण म्हटलं की अडायचा. चिन्हं जुळवताना चूक नाही, पण वेग फार कमी. सांगितलेली गोष्ट अर्ध्या तासाने विचारली तर म्हणाला, "कुठली गोष्ट?" आव आणत नव्हता.

नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, प्राणवायूच्या तुटवड्यात लवकर दुखावतो. पाचव्या वर्षी ते कळत नाही. त्या वयात हातच्याची वजाबाकी कोण मागतं? चौथीत मागतात. सगळं विहिरीमुळेच, असं एका चाचणीवरून शपथेवर सांगता येत नाही. पण चित्र जुळत होतं. मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

अमेरिका-कॅनडातला २०१५ चा अभ्यास मला यासाठी खटकतो. रुग्णालयाबाहेर हृदय थांबून बेशुद्ध राहिलेल्या मुलांचं शरीर थंड ठेवून फायदा होतो का, हे त्यात पाहिलं. वर्षभराने जगलेली आणि 'चांगली' ठरलेली मुलं थंड गटात २० टक्के, दुसऱ्या गटात १२. फरक ठोस ठरला नाही. पण 'चांगली' म्हणजे दैनंदिन वागण्याच्या मापात निदान ७० गुण, जिथे सरासरी १०० असते. पंचाहत्तरवाला पोरगाही चांगल्यात. मोजणी एका वर्षाची. याचा त्रास दिसायला चौथी उजाडली.

काका दाराशीच उभा होता. "माझं दाबायचं कायतरी चुकलं काय ओ?"

"तुम्ही दाबलं म्हणून तो आज इथं बसलाय."

शाळेसाठी कन्नडात पत्र दिलं: पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ द्या, पेपरालाही द्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अशा सवलतींची सोय आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची धावपळ वेगळी. सातवीत जाण्याआधी पुन्हा चाचणीला आणा, म्हटलं.

आज्जी मघापासून गप्प होती. "मग ती कन्नडची शिकवणी बंद करू काय? महिन्याला पैसे मोजालाव."

"करा बंद," म्हटलं.