तिसरं वर्ष

डिसेंबर २०२४, डॅलस, अमेरिकन बेसबॉल संघांच्या वार्षिक बैठका, म्हणजे विंटर मीटिंग्ज. फलंदाज हुआन सोटोने न्यूयॉर्कच्या मेट्स संघाशी १५ वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करार केल्याची बातमी आदल्या रात्रीच आली होती आणि सकाळपासून प्रत्येक एजंटचा सूर चढलेला. आमच्या संघाला एक फलंदाज हवा होता. निवड दोघा फ्री एजंटांवर, म्हणजे करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंवर, आली होती. ओळख पटू नये म्हणून त्यांचे आकडे थोडे बदलले आहेत.

पहिला उजव्या हाताचा: ३१ होम रन (थेट भिंतीपलीकडे गेलेले फटके), १०४ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेले रन), पण ऑन-बेस, म्हणजे बाद न होता बेसवर पोहोचण्याचं प्रमाण, ०.३०१. दुसरा डावखुरा, ३३ वर्षांचा: होम रन १२, ऑन-बेस ०.३९८. ऑन-बेसची लीगची सरासरी ०.३१२ होती.

आरबीआय पुढे करून फलंदाज विकणाऱ्यांची मला चीड येते. याच्या आधी खेळणारे दोघं सतत बेसवर असत, म्हणून १०४ झाले. होम रनचं तसं नाही, ते तपासता येतात. त्याचे फटके बहुतेक डावीकडे जातात आणि आमच्या मैदानाची डावीकडची भिंत दूर आहे. प्रत्येक फटक्याचा वेग, कोन आणि दिशा घेऊन आमच्या मैदानाच्या नकाशावर बसवले, तर ३१ पैकी ७ भिंतीच्या आतच पडले. एका सहकाऱ्याने सातही वजा केले. ही चूक दरवर्षी कोणीतरी करतं. १६२ पैकी ८१ सामनेच घरी होतात, म्हणजे नुकसान साडेतीन होम रनचं. होम रनच्या जागी बाद झाला तर साधारण १.७ रन जातात. तोटा १२ नव्हे, ६ रनांचा.

डावखुऱ्याच्या आकड्यात नशीब शिरलं होतं. होम रन सोडून त्याने मैदानात मारलेले ४१० चेंडू, त्यातले १४४ हिट (बाद न होता बेसवर नेणारे फटके), म्हणजे ०.३५१. याच प्रमाणाची त्याची कारकिर्दीची सरासरी ०.३१०. ताशी १५३ किलोमीटरच्या वर मारलेल्या चेंडूंचं प्रमाण वाढलं असतं तर ही वाढ मानली असती, पण ते जिथल्या तिथे होतं. ०.३१० ने १२७ हिट झाले असते, म्हणून वरचे १७ काढून टाकले. एका सिंगलमागे (एकाच बेसपर्यंतच्या हिटमागे) ०.७ रन धरले, तर १२ रन निव्वळ दैवाचे; साधारण दहा रनांचा एक विजय धरतात, म्हणजे एका विजयापेक्षा जास्त. तरीही ऑन-बेस ०.३७० उरला. ६०० वेळा बॅटिंगला आला तर सरासरी खेळाडूपेक्षा ३५ वेळा कमी बाद. बॅटिंग ऑर्डरमध्ये दुसऱ्या क्रमांकावर हाच माणूस हवा, यावर खोलीत एकमत झालं.

आम्ही दोन वर्षांचे ३.६ कोटी डॉलर ठेवले: त्याच्यामुळे संघाचे पहिल्या वर्षी अडीच आणि दुसऱ्या वर्षी दोन विजय वाढतील असं धरून, विजयाला ८० लाख. संध्याकाळी एजंटने तिसरं वर्ष मागितलं, १.६ कोटीला. तिशीनंतर वर्षाला अर्धा विजय घटतो असं धरतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी दीड विजय, किंमत १.२ कोटी. मी नकार सुचवला आणि तो मान्य झाला. दुसऱ्या संघाने त्याला तीन वर्षं दिली.

मी लावलेली घट सगळ्यांची सरासरी होती. वयानुसार आधी पाय मंदावतात, चेंडू पारखणारी नजर बरीच टिकते, आणि या माणसाची किंमत नजरेतच होती. स्ट्राइक झोनबाहेरच्या, म्हणजे सोडून द्यायच्या, चेंडूंवर बॅट घालण्याचं त्याचं प्रमाण चार वर्षांत वाढलेलं नव्हतं. तो तक्ता माझ्या फाइलमध्ये होता, पण घटीच्या हिशोबात मी तो घेतलाच नाही. बॅटचा वेग मंदावतोय का, हे पाहायला सार्वजनिक आकडे जेमतेम एका हंगामाचे होते. एजंटची मागणी आणि माझी किंमत यांत फरक ४० लाखांचा होता. नजरेचं वजन धरून तो हिशोब मी अजून पुन्हा मांडतो आहे.